डबा खायच्या खोलीतली खिडकी

बोईसर
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय तेजल,

आज माझी सुट्टी. साडेसहाला उठलो. पाणी सव्वासातला आलं, पिंप भरून घेतलं. मशीनला धुणं लावलं. नऊच्या सुमारास बाजारात गेलो, तिथे नवसी मावशी भेटली, दहा-पंधरा मिनिटं बोललो. घरी येऊन डाळभात केला आणि जेवलो. पाऊस सकाळपासून नाही. आता तीन वाजलेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसलोय.

पत्र बघून तू दचकशील. अर्ज आणि हॉस्पिटलचं कंप्लेंट रजिस्टर सोडलं तर मी कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी विचारतो जेवलीस का, तू म्हणतेस हो, तुम्ही जेवलात का, मी म्हणतो हो. मग आपण दोघं थोडा वेळ गप्प राहतो आणि मी म्हणतो, आवाज नीट येत नाहीये. आवाज नीट येत असतो.

घरातलं सगळं ठीक आहे. तुझी कढीपत्त्याची कुंडी पावसात फुटली, झाड मी तेलाच्या डब्यात लावलंय, जगेल असं दिसतं. आईचा तीन कप्प्यांचा डबा मी ड्यूटीला नेतो. दोनच कप्पे भरतो, तिसऱ्यात काय घालायचं ते सुचत नाही. तुझा फार्मसीचा निकाल लागला तेव्हा तू मेसेज केलास आणि मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्या दिवशी संध्याकाळी मी पेढे आणून आईच्या फोटोपुढे ठेवले होते. हे तुला कळवायचं राहिलं.

जानेवारीत आयसीयूच्या बाहेर, त्या निळ्या खुर्च्यांवर, तू मला एक वाक्य म्हणालीस. "बाबा, मी घरी यायलाच नको होतं." मी काही बोललो नाही. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीवर ट्यूबलाइट फडफडत होती, तिचा चोक बदलायला हवा, असा विचार मी करत होतो. खरंच तोच विचार करत होतो. त्यानंतर तू ते वाक्य परत कधी काढलं नाहीस. तेराव्याला सगळे आत पंगतीला बसले आणि तू मास्क लावून जिन्याच्या पायरीवर ताट घेऊन गेलीस आणि तिथे एकटी जेवलीस. लोकांना वाटलं, पोरीला गर्दी नको असेल. नाशिकला गेलीस ती अजून घरी आलेली नाहीस. मला तुझ्या त्या वाक्याचं उत्तर द्यायचं आहे. तिथे पोचायला मला थोडा वेळ लागेल, तेवढा दे.

दिवाळीनंतर आमच्या हॉस्पिटलमध्ये पुण्याच्या एका संशोधन संस्थेचे लोक आले होते, ते आईने तुला सांगितलं असेल. हॉस्पिटलच्या हवेत कुठे, कधी, किती विषाणू असतात ते त्यांना मोजायचं होतं. त्यांच्यात भाग्यश्री मॅडम म्हणून होत्या, तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी रेडिओएवढे तीन डबे आणले. आत छोटा पंप, तो दिवसभर हवा ओढतो आणि एका पांढऱ्या चकतीतून गाळतो. रोज सकाळी सातला चकती काढायची, नळीत घालायची, नळीवर खोलीचं नाव आणि तारीख लिहायची आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. मेंटेनन्सचा माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला आवडलं. कंपनीत असताना गेजचं रीडिंग घ्यायचो तसंच होतं. मॅडमनी नीट समजावलं. खोकल्याचे मोठे थेंब दोन हातांच्या अंतरावर खाली पडतात, पण बोलताना आणि नुसता श्वास सोडतानाही इतके बारीक कण निघतात की ते तासन्‌तास उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. माणूस खोलीतून निघून गेला तरी ते खोलीत असतात.

एक डबा ओपीडीत लागला, एक आई सिस्टर होती त्या मेडिकल वॉर्डात, एक आयसीयूबाहेरच्या पॅसेजमध्ये. चौथा नंतर यायचा होता. तो कुठे ठेवायचा म्हणून मॅडमनी आम्हालाच विचारलं. पेशंट असतो तिथे सगळे सावध असतात, म्हणाल्या, बेसावध कुठे असतात ते सांगा. नवसी मावशी तिथे पोछा मारत होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डबा खाताना, दुसरं काय! तवा सगळ्यांचे मास्क खिशात नि तोंडं चालू. खायाला चालू, बोलायला त्याहून चालू." सगळे हसले. आईने तिला विचारलं, आणि तुझं तोंड? "माझं तर मास्क असला तरी चालू हाय." मग तिला काळजी पडली की आपल्या सुकटीचा वास त्या चकतीतून पुण्याला जाईल आणि तिथले लोक काय म्हणतील. आई म्हणाली, जाऊ दे, त्यांनाही भूक लागेल. पुढे कित्येक दिवस नवसी मावशी जेवायला बसताना त्या डब्याला "पुण्याचा पाहुणा" म्हणायची आणि आधी त्याला विचारायची, घेतो का रे बोंबील?

तर चौथा डबा डिसेंबरच्या शेवटी आला आणि डबा खायच्या खोलीत लागला. औषधांच्या स्टोअरला लागून आहे ती, दहा बाय आठची. तू लहानपणी शाळा सुटल्यावर तिथे बसून अभ्यास करायचीस. त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती कारखान्यांच्या एस्टेटच्या बाजूला उघडते.

बोईसरच्या वासाबद्दल तुला काय सांगायचं. थंडीत सकाळ-संध्याकाळ हवा खाली बसली की तो येतो, कधी आंबट, कधी सडक्या अंड्यासारखा. वास आला की खिडकी लावायची, हे तुला अ आ ई च्या आधी कळत होतं. तू तीन वर्षांची असताना खुर्ची ओढत खिडकीपाशी जायचीस आणि म्हणायचीस, कंपनी आली. आईला मात्र सवय लागायला वेळ लागला. लग्नानंतर पहिलं वर्षभर तिला नीट झोप आली नाही. दांडीला तिच्या माहेरी खिडक्यांना कड्याच नव्हत्या, समुद्राचं वारं एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. ती म्हणायची, इथे पेटीत ठेवल्यासारखं वाटतं. नंतर तीसुद्धा वास आला की सगळ्यात आधी उठायला लागली.

नोव्हेंबरमध्ये ती एकदा घरी आल्यावर म्हणाली, अहो, त्या डबा खायच्या खोलीचं काहीतरी करा ना. जेवायला बसलं की वास, घास खाली उतरत नाही, त्या नव्या सिस्टरला तर उलटी झाली. खिडकीची फ्रेम वाकलेली होती, लावली तरी फट राहायची. वर एक्झॉस्ट फॅन होता, तो बंद असला की त्याच्या पात्यांमधून वास आत यायचा, चालू केला की फटीतून ओढला जायचा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एका सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेलो. फ्रेम सरळ केली. चारी बाजूंनी फोमची पट्टी बसवली, वरून सिलिकॉन भरलं. फॅन काढला आणि त्या भोकावर प्लाय ठोकून कडा बुजवल्या. काम झाल्यावर फट राहिली का ते बघायला उदबत्ती लावून खिडकीच्या कडेकडेने फिरवली. धूर दोरीसारखा सरळ वर गेला, कुठेही वाकला नाही. आई दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना सांगितलं की आमच्या ह्यांनी केलं. नवसी मावशी मला म्हणाली, "भाऊ, आता बरा वाटतं. आमी पयल्यांदा वास न घेता जेवलो." लग्नाच्या बावीस वर्षांत मी आईसाठी फारसं काही केलं नाही. साडी तीच आणायची आणि मी दिली असं सांगायची. ते एक काम मात्र मी तिच्यासाठी केलं होतं आणि चांगलं केलं होतं.

जानेवारीचं तुला माहीत आहे, तरी तारखा लिहितो, कारण त्या महत्त्वाच्या आहेत. ९ तारखेपासून आमच्याकडे तापाचे पेशंट वाढले. ब्रदर शैलेश खोकत ड्यूटी करत होता, माणसं कमी होती म्हणून घरी जाता येत नव्हतं. वॉर्डात तो मास्क काढत नव्हता. जेवायला सगळ्यांबरोबरच बसायचा. १० तारखेला सकाळी सातला मी चकती बदलायला गेलो तेव्हा आई नाइट संपवून तिथेच चहा पीत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, पाहुण्याला चहा विचारा. मी हातमोजे घातले होते, म्हणून नुसतीच मान हलवली. नळीवर लिहिलं, "डबा खोली, १० जाने." १२ तारखेला नवसी मावशीला ताप आला, ती कामावर आली नाही. १३ तारखेला, भोगीच्या दिवशी संध्याकाळी, तू आलीस. तुला खोकला होता. होस्टेलवर सगळ्याच मुली खोकत होत्या, असं तू म्हणालीस. आईने तुला हळद-दूध दिलं आणि जवळ घेऊन झोपली. १५ तारखेला सकाळी तिला ताप भरला. तिची शुगर, तिचं अंगावर काढणं, तिळाचे लाडू वळत बसणं, ते सगळं तू पाहिलंस. ज्या वॉर्डात तिने अठरा वर्षं ड्यूटी केली तिथेच ती दाखल झाली, मग तिला आयसीयूत हलवलं आणि २७ ला ती गेली. तिच्या रिपोर्टमध्ये फ्लूचा विषाणू निघाला. तुझी तपासणी कोणी केली नाही, कारण तोपर्यंत तू बरी झाली होतीस.

त्यानंतर मी चकत्या बदलत राहिलो. डबा खायच्या खोलीत जायला नको वाटायचं, पण सातला जायचो. महिन्यातून एकदा पुण्याची गाडी येऊन नळ्या घेऊन जायची. मार्चमध्ये ते काम संपलं आणि डबे गेले.

२० जूनला भाग्यश्री मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या. मीटिंग हॉलमध्ये डॉक्टरांना पडद्यावर दाखवलं, मी मागे प्रोजेक्टरच्या वायरपाशी बसलो होतो. सगळ्यांना वाटत होतं की सगळ्यात जास्त विषाणू आयसीयूबाहेर निघेल. तिथे जवळजवळ काही नव्हतं. मेडिकल वॉर्डात होता, पण थोडा, तिथे दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. सगळ्यात मोठा आकडा डबा खायच्या खोलीचा होता. तारखा १०, ११ आणि १२ जानेवारी. तक्त्यात नळीवरची अक्षरं जशीच्या तशी उतरवली होती. पडद्यावर मला माझेच शब्द दिसले.

मीटिंगनंतर मॅडमना ती खोली बघायची होती. मी घेऊन गेलो. सिस्टर जेवत होत्या, सात जणी. मॅडमनी हातातलं मीटर टेबलावर ठेवलं. बाहेर त्यावर चारशे वीस होतं, आत वीस मिनिटांत अठ्ठावीसशे झालं. मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं की आपण सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय ते हा आकडा सांगतो. इथे शंभर श्वास घेतले तर त्यातले सहा दुसऱ्या कोणाच्या तरी छातीतून आलेले असतात. मग त्यांनी खिडकीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कोणी केलं? मी म्हणालो, मी. त्यांनी सिलिकॉनवर नख दाबून बघितलं. नंतर म्हणाल्या, गाडीतून उतरताना वास मलाही आला होता, मीही खिडकी बंदच केली असती. मी त्यांना आईबद्दल सांगितलं, तारखांसकट. तुझ्याबद्दलही सांगितलं. त्या म्हणाल्या, डबा एवढंच सांगतो की त्या दिवशी त्या हवेत काय होतं. ते कोणाच्या नाकात कुठून गेलं, हे तो सांगू शकत नाही. चकतीवरचा विषाणू आणि आईच्या रिपोर्टमधला विषाणू एकाच प्रकारचा आहे, हे मात्र त्यांनी कागद काढून दाखवलं. म्हणजे तू नाशिकहून निघायच्या तीन दिवस आधीपासून तो त्या खोलीत होता आणि आई रोज तिथे बसून जेवत होती.

त्याच दिवशी ड्यूटी संपल्यावर मी कटरने सिलिकॉन कापलं. चांगलं चिकटलं होतं, दीड तास लागला. प्लाय काढून दुप्पट मोठा फॅन बसवला. उदबत्ती लावून बघितली, धूर वाकून सरळ बाहेर गेला. आता वासाच्या दिवशी सिस्टर कुरकुर करतात. नवसी मावशी मला म्हणाली, "भाऊ, उपास घडवतोस काय आमाला?" पण खिडकी कोणी लावत नाही.

जूनमध्येच मी तुला हे कळवायला हवं होतं. कळवलं नाही. आधी मी स्वतःला सांगितलं की तुझी परीक्षा आहे. परीक्षा झाली तेव्हा सांगितलं की निकाल लागू दे. खरं कारण असं की तुला अर्धंच सांगता आलं नसतं. तू ते आणलं नाहीस, असं म्हटलं की मग कुठून आलं, हे आलंच. आणि खिडकी मी बंद केली होती, हे मला तुला सांगायचं नव्हतं. अडीच महिने मी ते स्वतःजवळ ठेवलं. मला वाटत होतं, तू आता सावरलीस, तुझ्या मनात ते वाक्य राहिलं नसेल. तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

आज सकाळी बाजारात नवसी मावशीने मला थांबवलं. तू तिला दर रविवारी फोन करतेस हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "पोरगी रडते रे भाऊ. बोलते, मावशी, आईला मीच मारली. मी तिला सांगितला, अगं मी तर तू यायच्या आधीच तापानी पडलेली. तर बोलते, तुमी मला बरं वाटावं म्हणून सांगता. तू बाप हायस ना? मग तू का नाय बोलत?" तिने हेही सांगितलं की हॉस्पिटलमधल्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगचा फॉर्म तू भरला नाहीस, शेवटची तारीख २२ आहे, आणि "मला हॉस्पिटलात पाऊल टाकायचं नाही, मी लोकांना आजार देते," असं तू म्हणतेस. म्हणून हे पत्र. नुसतं माझ्या तोंडचं तू मानणार नाहीस, म्हणून रिपोर्टच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. सातव्या ओळीखाली पेनाने रेघ मारलीय. तिथली तारीख बघ आणि तुझ्या मोबाइलमध्ये नाशिकहून निघाल्याचं तिकीट असेल ते बघ. नक्की असं कोणालाच म्हणता येणार नाही, मॅडमलाही नाही. पण मला जे दिसतं ते हे, की तू यायच्या आधीच आईने ते घेतलं होतं, आणि ती शेवटची एक रात्र आपल्या मुलीला कुशीत घेऊन झोपली. तू घरी यायलाच हवं होतं. हे मी तेव्हा त्या खुर्चीवर म्हणायला हवं होतं. फॉर्म भर, कुठल्याही गावचा भर. माझ्यावर रागावलीस तर तेही बरोबर आहे, पण रागवायला घरी ये. मी उद्या ड्यूटीला जाताना हे स्पीड पोस्टाने टाकतो. सकाळी मशीनला लावलेलं धुणं तसंच आत राहिलंय, बाजारातून आल्यापासून मी विसरलोच होतो. आज वास आहे, तरी खिडकी उघडी ठेवली आहे. आता उठून ते कपडे झटकून बाहेरच्या दोरीवर वाळत घालतो.

तुझाच,
बाबा